बी.ई. इलेक्ट्रॉनिक्सनंतर सेमीकंडक्टर डिव्हाइस इंजिनिअर व्हायचंय, काम नेमकं काय असतं आणि भारतात स्कोप आहे का?

आधी एक क्लिअर करतो, व्हीएलएसआय डिझाइन (चिपचं सर्किट आखणं) वेगळं आणि हे वेगळं. डिझाइनवाले तयार ट्रान्झिस्टर घेऊन सर्किट करतात, तो ट्रान्झिस्टर चालू असताना करंट किती देईल, बंद असताना लीकेज किती, हे आम्हा डिव्हाइसवाल्यांकडे. मी सिंगापूरच्या एका फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्यात, हेच करतो.

घरच्यांना वाटतं मी दिवसभर पांढरा सूट घालून क्लीनरूममध्ये असतो, खरं तर ग्राफ बघत बसलेला असतो. वेफर (सिलिकॉनची चकती, हिच्यावर चिप्स बनतात) जिथून कापतात त्या पट्ट्यांमध्ये टेस्ट स्ट्रक्चर्स असतात, त्यांचा डेटा येतो. समजा व्हीटी, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेज, २० मिलिव्होल्टने सरकलं. लांब चॅनलवाल्या ट्रान्झिस्टरांचं (चॅनल म्हणजे करंट वाहतो ती वाट) जागेवर आहे आणि फक्त छोट्यांचंच सरकलंय? मग गेटखालच्या ऑक्साइडच्या थरावर संशय कमी, गेटची लांबी नाहीतर हेलो इम्प्लांट (चॅनलच्या टोकांना केलेलं डोपिंग) बघायचा, बिघडलेल्या सगळ्या लॉटना (एकत्र प्रोसेस होणाऱ्या वेफरच्या बॅचना) कुठलं मशीन कॉमन आहे ते शोधायचं आणि मग त्या मशीनच्या इंजिनिअरला पटवायचं की बाबा रे, तुझ्याकडेच आहे, सगळ्यात अवघड काम हेच. आणि खात्री करायला एका लॉटमधल्या थोड्या थोड्या वेफरना इम्प्लांटचा वेगवेगळा डोस दिला तर उत्तर यायला दोन-तीन महिने सहज जातात. आज कोड लिहिला, आजच रिझल्ट पाहिजे असा स्वभाव असेल तर डिझाइनलाच जा.

भारतात डिझाइनच्या नोकऱ्या भरपूर, याच्या मोजक्या. मोहालीची एससीएल ही सरकारी फॅब १८० नॅनोमीटरवर आहे (आकडा जितका लहान तितकं नवं तंत्रज्ञान). धोलेऱ्याच्या टाटा-पीएसएमसी (तैवानची चिप कंपनी) फॅबला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तिथे २८ नॅनोमीटरपर्यंत जायचा प्लॅन आहे. साणंदचं मायक्रॉन पॅकेजिंग आणि टेस्टिंगचं, तिथे ट्रान्झिस्टर बनत नाही (न्यूजवाले सगळ्यालाच चिप फॅक्टरी म्हणतात).

नुसत्या बी.ई.वर कठीण आहे. एमटेक किंवा पीएचडी करा, आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीमध्ये स्वतःच्या नॅनोफॅब लॅब आहेत. टीसीएडी (ट्रान्झिस्टरचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन) शिकाच, पण प्रोब स्टेशनवर (वेफरवर सुया टेकवून मोजायचं यंत्र) बसून स्वतः आय-व्ही, सी-व्ही (करंट-व्होल्टेज, कपॅसिटन्स-व्होल्टेज) मोजलेला माणूस लगेच ओळखू येतो, मी इंटरव्ह्यूमध्ये एक बिघडलेला ग्राफ पुढे ठेवतो आणि काय झालं असेल ते सांग म्हणतो, बाकी फार विचारत नाही. स्टॅटिस्टिक्स आणि पायथन रोज लागतं.

जॉब शोधताना फक्त 'डिव्हाइस इंजिनिअर' टाकू नका, प्रोसेस इंटिग्रेशन, यील्ड, कॅरॅक्टरायझेशन, कॉम्पॅक्ट मॉडेलिंग या नावांनीपण बघा.