मिठीचा माफीनामा

ताई, आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या वर्गातला एक मुलगा तिचा बालवाडीपासूनचा सोबती. गेल्या महिन्यात त्याचे वडील वारले. तेरावं झाल्यावर तो शाळेत आला आणि मधल्या सुट्टीत जिन्यात रडायला लागला. हिनं त्याला मिठी मारली. ते कॅमेऱ्यात दिसलं. यंदापासून शाळेत नियम आहे की मिठी मारायची नाही, हात धरायचा नाही, खांद्यावर हात टाकायचा नाही. मुलीमुलींनीसुद्धा नाही. आता ‘गैरवर्तनाबद्दल’ माफीनामा सोमवारपर्यंत सही करून मागितला आहे. मिस्टर म्हणतात, शाळेचं बरोबर आहे, सही कर आणि विषय मिटव, उगाच पोरीचं नाव नको व्हायला. मुलगी नीट जेवत नाही. म्हणते, “तो रडत होता, मग मी काय नुसतं बघत उभी राहू?” त्या मुलाच्या आईलाही बोलावलं होतं, ऑफिसबाहेर बाकावर बसलेली दिसली. शाळेनं असे नियम करावेत का? आणि मी सही करू का?
— एक आई, कोल्हापूर

ताई,

बाकावर बसलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नवरा जाऊन पुरता महिना झाला नाही आणि तिला शाळेतून बोलावणं आलं. लेकराला कसं सावरायचं हे ठरवायला बोलावलं असतं, तर मी त्या शाळेला हात जोडले असते.

आधी सहीचं सांगते. ‘गैरवर्तन’ या शब्दावर सही करू नका. नियम मोडला असेल, तर तेवढंच लिहून द्या: नियमाची माहिती मिळाली, मुलीशी घरी बोललो, तिनं रडणाऱ्या मित्राला धीर दिला आणि त्याला गैरवर्तन म्हणणं आम्हाला मान्य नाही. चार ओळी पुरे. आवक-जावकचा शिक्का मारून एक प्रत स्वतःकडे ठेवा. मिस्टरांना पोरीच्या नावाची काळजी आहे आणि ती खोटी नाही. पण ते नाव आज कुठंच लिहिलेलं नाही. माफीनामा दिलात की ते आपल्याच सहीनं कागदावर येतं. हे त्यांना शांतपणे सांगून बघा.

त्यांना आणखी एक विचारा. आपल्या पेठेत कुणी गेलं की आपण काय करतो? दारात पाऊल टाकताच बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. पुरुष पाठीवर हात ठेवून तासभर न बोलता बसतात. तुमच्या लेकीनं हे लहानपणापासून पाहिलंय. जिन्यात तिनं तेच केलं, आपल्याच घरात शिकलेलं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये गोल झाला की तालमीचा अख्खा संघ एकमेकांच्या अंगावर पडतो, त्याला कुणी बेशिस्त म्हणत नाही. मग दुःखात जवळ घेतलं तर माफीनामा का?

आता शाळेची बाजू, कारण ती समजल्याशिवाय तुम्ही तिथं नीट बोलू शकणार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर शिक्षक धास्तावले आहेत. एकेका वर्गात साठ-साठ मुलं, वर कॅमेरे, आणि काही झालं की पहिला जाब मुख्याध्यापकांना. त्यात नववी-दहावीचं वय. शाळेत जोडीजोडीनं कोपरे धरून बसू नका, असं शाळेनं सांगितलं तर मी शाळेच्या बाजूनं उभी राहीन. पण बदलापुरात गुन्हा मोठ्या माणसानं केला होता. मुलांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकू नये, या नियमानं तसला माणूस सापडणार नाही. उलट मला भीती वाटते ती वेगळीच. सगळाच स्पर्श गुन्हा ठरला, तर उद्या खरोखर वाईट स्पर्श झालेली मुलगी बाईंना सांगायला येईल का? आधी मलाच विचारतील, तू काय केलंस, असं तिला वाटेल आणि ती गप्प बसेल.

शाळेनं शिकवायला हवं ते एवढंच की समोरच्याला हवं आहे का ते बघ, नको म्हणाला तर मागे हो, आणि तुला नको असेल तर स्पष्ट सांग. हे तुम्हीही लेकीशी बोला. त्या मुलाला ती मिठी हवी होती का, हे तिला विचारा. रागावून नको, सहज विचारा. मला उत्तर ठाऊक आहे असं वाटतं, पण तिनं तो विचार करायला हवा.

कोर्टकचेरीचा विचार मनात असेल तर सोडा. 2017 मध्ये तिरुवनंतपुरमच्या एका शाळेत कार्यक्रमानंतर मुलानं मैत्रिणीला कौतुकानं मिठी मारली. दोघांना शाळेनं निलंबित केलं. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं शिस्तीचा अधिकार मुख्याध्यापकांचाच मानला. शेवटी तडजोड झाली आणि मुलगा बारावीच्या परीक्षेला बसला, पण मधले कित्येक महिने त्या मुलांचे गेले. शिक्षण हक्क कायद्यात, 2009 च्या, मुलांना मानसिक त्रास द्यायला मनाई आहे, पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा. नववीतल्या मुलीसाठी त्यावर फार भिस्त ठेवू नका.

त्यापेक्षा पालक-शिक्षक संघात विषय मांडा. 2022 च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही असायला हवी, तिच्यापुढे हा नियम ठेवायला सांगा. नियम लेखी मागा. कशाला मनाई आहे, आणि रडणाऱ्या मुलाला कुणी सावरायचं, हेही त्यात लिहा म्हणावं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एक शब्द टाकू नका. त्या पोराच्या बापाचं मरण सगळ्या पेठेत चघळलं जाईल.

आणि सोमवारच्या आधी त्या बाईंच्या घरी जाऊन या. तुमच्यासारखाच कागद त्यांच्याही हातात असेल आणि शेजारी विचारायला माणूस नाही. लेकीला बरोबर न्या. या सगळ्या गदारोळात त्या मुलाला, तू कसा आहेस, हे तिच्याशिवाय कुणी विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठंच नाही.

— तुमची ताई