वाचकांचे प्रश्न: आईचे गुडघे आणि शेजारच्या पुड्या

प्रश्न: आई ६६ वर्षांची, साताऱ्याला असते. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना तर रडकुंडीला येते. एक्सरेत झीज निघाली, तेव्हापासून अजून झिजतील म्हणून चालणंच सोडलंय. शेजारच्या काकूंनी कसल्यातरी पुड्या दिल्या, दोन दिवसांत आराम पडला. चालू ठेवू का, की सरळ ऑपरेशनच करून टाकू?

उत्तर: आधी पुड्यांचं बोलू. जुनी गुडघेदुखी दोन दिवसांत गायब म्हणजे आत स्टिरॉइड (सूज-दुखणं झटकन दाबणारं जोरदार औषध) असण्याची दाट शंका, पाकिटावर ते कोणी लिहीत नाही. त्याने शुगर-बीपी वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम थांबवू नका, तेही धोक्याचं, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आणि चालणं सोडलं हे तर उलटंच झालं हो. गुडघा सावरतो मांडीचा स्नायू, बसून राहिलं की आधी तोच सुकतो. कॉटवर आडवं व्हायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, ५ ते १० सेकंद धरायचं, सोडायचं, असं दहादा, सकाळ-संध्याकाळ. फरक पडायला सहा-आठ आठवडे लागतात आणि लोक चार दिवसांत कंटाळतात, तिथेच सगळं बिनसतं. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर कमी करा. वजन जास्त असेल तर १ किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने हलका होतो. काठी जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात (निम्मे लोक उलटीच धरतात!). उकिडवं बसणं बंद, कमोडची खुर्ची आणा.

गोळ्यांआधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून बघा. पेनकिलर मनाने नकोत, पोट, किडनी, बीपी सगळ्यालाच त्रास. सांध्यातलं स्टिरॉइड इंजेक्शन काही आठवडे बरं वाटायला ठीक. सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर मी तरी पैसे घालणार नाही.

गुडघा बदलायचं ऑपरेशन एक्सरे बघून ठरवायचं नसतं. एवढं सगळं नीट करूनही रात्रीची झोप आणि घरातलं चालणं होत नसेल तर जरूर करा, चांगलं ऑपरेशन आहे ते. २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतीवर सरकारची मर्यादा आहे, तेव्हा बिलात इम्प्लांटचा आकडा वेगळा मागा.

एक मात्र आईला विचाराच, सकाळी सांधे तासभर आखडून राहतात का, हाताची बोटं सुजतात का? हो म्हणाली तर ही नुसती झीज नसावी, सूज आणणारा संधिवात असू शकतो, संधिवाताच्या डॉक्टरांना (रुमॅटॉलॉजिस्ट) लवकर दाखवा, त्याची औषधं पूर्ण वेगळी असतात.