सहा वर्षांच्या मुलाला 'द जंगल बुक' दाखवावा का? फार घाबरेल का?

तुम्ही 2016 च्या, जॉन फॅवरोच्या सिनेमाबद्दल विचारताय असं धरून चालतो. दाखवा, पण शेजारी बसून. मुलाला पडद्यासमोर बसवून आपण दुसऱ्या खोलीत जाणार असाल तर राहू द्या.

आपल्या सेन्सॉर बोर्डाने त्याला यू/ए दिलं, म्हणजे 12 वर्षांखालच्या मुलांनी पालकांसोबत बघावा असं ठरवलं, तेव्हा लोकांनी बोर्डाची थट्टा केली होती. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो. शेरखान वाघ लांडग्यांच्या म्होरक्याला, अकेलाला, कड्यावरून भिरकावून देतो. अजगर मोगलीला वेटोळ्यात घेता घेता त्याच्या बापाचं मरण दाखवतो. शेवटी वाघ आगीत पडतो. हिंदीत तर शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज आहे. गाणारं अस्वल दिसलं म्हणजे बालचित्रपट, असं मानणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे आणि ते घरातलंच आहे.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याच्या कडेला आमचं कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग. मे महिन्याच्या सुट्टीत माझी मुलगी पणजीला आत्याकडे राहायला गेली होती. तिला आणि भाच्याला गावी आणायला मी गेलो, तर दोघं हॉलमध्ये एकटीच हा सिनेमा बघत होती आणि भावोजी आत फोनवर. भाचा तेव्हा सहाचा. उशीच्या अभ्र्याचं टोक त्याने दातांत धरलं होतं, चावून चावून ते ओलं झालेलं. 'फॅमिली पिक्चर आहे, गप्प बसलीत बघ कशी,' असं भावोजी वर मलाच सांगत होते.

गावी आल्यावर पोरगा रात्री न्हाणीकडे एकटा जाईना. आमची न्हाणी घरामागे, पलीकडे पोफळी आणि मग रानच. ताईला फोनवर कळलं तसे भावोजी माझ्यावरच घसरले. म्हणे, तुम्ही रानातले लोक वाघाच्या गोष्टी सांगून मुलांना भित्री करता, नाहीतर गोव्यात वाघ आहेत कुठे?

आईने काहीच वाद घातला नाही. सकाळी दोघांना घेऊन वाड्याच्या वरच्या अंगाला वाघ्रोकडे, म्हणजे वाघदेवाकडे गेली. दगडात कोरलेला वाघ, शेपटी पाठीवर वळवलेली, पावसापाण्याने तोंड झिजून गुळगुळीत झालेलं. तिने भाच्याच्या हाताने नारळ ठेवायला लावला आणि म्हणाली, हा आपला राखणदार. पोराने लगेच विचारलं, 'मग शेरखान वाईट कसा?' माझी मुलगी म्हणाली, 'त्याचा डोळा माणसाने जाळला होता ना.' सिनेमात आहेच ते, मोगलीच्या बापाने पेटत्या मशालीने त्याचं तोंड भाजलेलं असतं. मग घरी येईपर्यंत दोघांची चूक कुणाची यावरच चर्चा.

त्या दिवशी मी त्यांना गोळावलीची गोष्टही सांगितली. जानेवारी 2020 मध्ये याच म्हादईच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. वाघाने गुरं मारली होती, हेही सांगितलं, कारण गुरं गेलेल्या माणसाचं दुःख आमच्याकडच्या मुलांना कळतं. भावोजींना हे उत्तर तेव्हा फोनवर देता आलं नाही म्हणून इथे देतो. बछड्यांसकट वाघीण होती, म्हणजे वाघ इथे नुसता येऊन-जाऊन नाही. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि आसपासचं रान व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करा असा आदेश दिला, तो काय उगाच?

भाच्याने पुढे स्वतःच हट्ट करून तो सिनेमा माझ्यासोबत परत बघितला. अकेलाच्या दृश्याला मी थांबवला, त्याने हवं ते विचारलं, मग पुढे चालू केला. सगळं संपल्यावर त्याला चित्रीकरणाचे व्हिडिओ दाखवले. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढे मोगली झालेला एकटा नील सेठी, बाकी प्राणी संगणकावरचे. हे आधी सांगू नका. 'खोटं आहे रे सगळं' म्हणून सुरुवात केलीत तर मुलाच्या पदरात ना सिनेमा पडतो, ना रान. मूल घाबरलं म्हणून काही बिघडत नाही. विचारायला हाताशी मोठं माणूस नव्हतं, भावोजी, तिथे बिघडलं.

आता तुमच्या मुलाचं. पाचाच्या आतला असता तर थांबा म्हटलं असतं. सहाला चालेल, पण पहिल्यांदा घरच्या टीव्हीवर, दिवसाउजेडी, थ्रीडीत नको. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर वर्षभर राहू द्या, कारण यात बापही मरतो आणि कळपाचा म्होरक्याही. 2024 पासून यूएचे 7, 13 आणि 16 असे वयाचे टप्पे झालेत, नवीन सिनेमे निवडताना तो आकडा बघत जा. आणि शोधताना नेटफ्लिक्सवरचा 2018 चा 'मोगली' चुकून लावू नका. कथा तीच वाटते, पण तो बराच काळोखा आणि रक्ताळलेला आहे, सहा वर्षांच्या मुलाचा नाहीच.