जाडजूड व्हिक्टोरियन कादंबऱ्या पाहूनच धीर सुटतो. वाचायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की चार्ल्स डिकन्सचं 'ब्लीक हाउस' दोनदा हातात घेतलं आणि दोन्ही वेळा पन्नास पानांच्या आत सुटलं. कॉलेजात असताना माझं साठाव्या पानावर सुटलं होतं, म्हणजे मी तुमच्या दहाच पानं पुढे.

आधी एक सांगते, म्हणजे उगाच अपराधी वाटणार नाही. हे पुस्तक त्या काळच्या लोकांनीही एका दमात वाचलेलं नाही. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ असं दीड वर्ष ते महिन्याच्या हप्त्यांनी निघत होतं, एक शिलिंगला एक हप्ता. त्यांनी पुरवून पुरवून खाल्लेलं आपण दिवाळीच्या सुट्टीत संपवायला बघतो. नव्या कादंबऱ्या तीन खंडांतही निघत, पण किंमत साडेएकतीस शिलिंग, मग विकत कोण घेणार? लोक मुडीच्या वाचनालयाची वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) वर्गणी भरत आणि एका वेळी एक खंड घरी नेत. तीन खंडांचं पुस्तक एकाच वेळी तीन घरांत फिरे. तेव्हा या पसाऱ्याला धंद्याचंही कारण होतं. (आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनीही 'करमणूक'मधून हप्त्यांनीच कादंबऱ्या दिल्या.)

पण मला विचाराल तर आपण अडतो ते पानांवर नाही, वाक्यावर. त्या वाक्याची लय कानात बसेपर्यंत दोनेकशे पानं जातात, आणि तेवढा दम कुणाला असतो? लहान गोष्टीत कथानक तुम्हाला ओढत नेतं आणि कान आपोआप तयार होतो.

म्हणून डिकन्सचीच 'द सिग्नलमन' घ्या. वीस-पंचवीस पानं, एका बैठकीची. खोल खोदलेल्या रेल्वेमार्गात, बोगद्याच्या तोंडाशी एक सिग्नलवाला एकटा ड्यूटी करतोय. वरून कुणीतरी त्याला हाक मारतं. कुणीही मान वर करून बघेल, पण हा वळतो आणि रुळांच्या दिशेने बघतो. का, ते कळेपर्यंत पुस्तक खाली ठेवता येत नाही. ही गोष्ट डिकन्सच्या साप्ताहिकाच्या १८६६ च्या नाताळ अंकातली. आदल्या वर्षी, ९ जून १८६५ ला, स्टेपलहर्स्टला पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढलेले असताना गाडी त्यावर गेली आणि दहा माणसं मेली. डिकन्स त्याच गाडीत होता. तो वाचला, जखमींना पाणी देत फिरला, पण रेल्वेच्या प्रवासाची धास्ती त्याच्या मनातून नंतर गेली नाही. गोष्टीतली भीती कुठून आली, ते वेगळं सांगायला नको. गंमत म्हणा की योगायोग, तो वारला तोही ९ जूनलाच, १८७० साली.

आणि मोठ्याने वाचा. हे माझं खरं सांगणं. नाताळ अंकांतल्या या गोष्टी शेकोटीभोवती बसून वाचून दाखवायच्याच होत्या. डोळ्यांना लांबलचक वाटणारं वाक्य जिभेवर नीट तुटतं, कुठे श्वास घ्यायचा ते स्वल्पविराम सांगतात.

त्यानंतर एलिझाबेथ गॅस्केलची 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' (१८५२). एक म्हातारी दाई मुलांना सांगतेय, त्यामुळे भाषा बोलीतली, आजीच्या गोष्टीसारखी. बर्फात खिडकीबाहेर एक लहान मुलगी येते, एवढंच सांगते. मग थॉमस हार्डीची 'द थ्री स्ट्रेंजर्स' (१८८३). मुसळधार पाऊस, मेंढपाळाच्या घरी बारसं, आणि एकामागून एक तीन अनोळखी माणसं दारात. एक पाहुणा मधाची दारू घटाघटा पितोय आणि घरधनीण मनातल्या मनात चरफडतेय, ते वाचताना मला आमच्याकडची कार्यं आठवून हसू आलं. माझ्या बारावीतल्या भाचीला मी ही वाचून दाखवली. तिसरा दारात उभा राहिला तेव्हा तिने मोबाइल उलटा ठेवला.

शेरलॉक होम्सपासून सुरू करा असं बरेच जण सांगतील. वाचा की, मजा येते. पण होम्सचा लेखक डॉयल, त्याचं वाक्य सोपं, धावतं आहे. त्यावरून डिकन्सकडे गेलात तर पुन्हा तिथेच अडाल. जॉर्ज एलियट या लेखिकेची 'द लिफ्टेड व्हेल' लहान आहे म्हणून तिच्यापासूनही सुरुवात नको, फार काळोखी गोष्ट आहे आणि एलियटच्या बाकीच्या लेखनासारखी नाही. तिच्यासाठी 'सायलस मार्नर' घ्या, ती कादंबरी असली तरी आटोपशीर आहे.

हे सगळं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतं, खर्च काही नाही.

आणि 'ब्लीक हाउस' कपाटातच राहू द्या, विकू नका. मी ते शेवटी मूळ हप्त्यांच्या हिशोबाने वाचलं. पहिला हप्ता चार प्रकरणांचा होता. तेवढा वाचायचा आणि पुढच्या महिन्यापर्यंत पुस्तक मिटून ठेवायचं.