विमान कंपन्या एवढ्या श्रीमंत असताना हवाई सुरक्षेच्या संशोधनावर सरकारने पैसा का खर्च करावा?

करावाच लागतो, कारण यातलं सर्वात महत्त्वाचं काम कुठलीही कंपनी आपणहून करणार नाही. मी धातूंच्या थकव्यावर, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून धातूला भेगा जाण्यावर, काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे आणि आमचं काम सरकारी अनुदानावर चालतं, हे आधीच सांगून टाकतो.

17 जुलै 1996 ला न्यूयॉर्कहून निघालेलं टीडब्ल्यूए 800 हे बोईंग 747 लाँग आयलंडजवळ आकाशातच फुटलं. 230 जण गेले. मधल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीतली इंधनाची वाफ पेटली होती. टाकीत नायट्रोजन सोडून आग टाळायची, हा उपाय लष्करी विमानांत जुनाच आहे. पण प्रवासी विमानांसाठी उद्योगातल्या मंडळींच्या समितीने हिशेब मांडला आणि हे परवडणार नाही असं सांगितलं. त्यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी धरलेली यंत्रणा खरोखरच जड आणि महाग होती.

मग अमेरिकेत हवाई वाहतुकीचे नियम करणाऱ्या एफएए या सरकारी संस्थेच्या अटलांटिक सिटीजवळच्या केंद्राने मुळाशी हात घातला: टाकीतला ऑक्सिजन नेमका किती खाली आणायला हवा? लष्कर 9 टक्के धरत होतं. चाचण्यांत दिसलं की जमिनीलगतच्या दाबाला 12 टक्के पुरतात. म्हणजे नायट्रोजन कमी लागतो आणि यंत्रणा हलकी होते. या तीन टक्क्यांनी सगळं गणित फिरलं. इंजिनातून मिळणारी दाबाची हवा केसासारख्या बारीक, पोकळ तंतूंच्या जुडग्यातून सोडायची. ऑक्सिजन तंतूंच्या भिंतींतून झिरपून बाहेर जातो, उरते ती बहुतांशी नायट्रोजन असलेली हवा, आणि ती टाकीत भरते. वेगळा कॉम्प्रेसरही लागत नाही. एका एअरबस ए320 विमानावर आणि नासाच्या 747 वर हे उडवून पाहिलं, आणि 2008 मध्ये तसा नियम झाला.

आता सांगा, तो 12 चा आकडा शोधून कुठल्या कंपनीचं एक तरी तिकीट जास्त खपलं असतं? तो सगळ्यांच्या उपयोगाचा, म्हणूनच त्यासाठी खिशात हात घालायला कुणी एक पुढे येत नाही.

घातपात रोखण्याच्या संशोधनात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. डिसेंबर 1988 मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲम 103 हे प्रवासी विमान बॉम्बने पाडलं गेलं, जमिनीवरचे धरून 270 मृत्यू. बॉम्ब सामानातल्या रेडिओ-कॅसेट प्लेयरमध्ये दडवला होता, आणि साध्या एक्स-रेला तसा बॉम्ब ओळखणं अवघड. 1990 च्या कायद्याने अमेरिकेत या संशोधनाला जोर आला. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचं तत्त्व बॅगांना लावून घनता मोजायला सुरुवात झाली आणि 1994 मध्ये असं पहिलं यंत्र मान्य झालं. यंत्राने किमान किती स्फोटक पकडलंच पाहिजे, हा आकडा गुप्त असतो. तो ठरवायचा सरकारने आणि तपासायचाही सरकारनेच.

मला खटकतं ते एवढंच की पैसा बहुधा प्रेतं मोजून झाल्यावर येतो, आणि लोक विसरले की आटतो.

आमच्याकडे रिव्हेटने जोडलेले दोन पत्रे यंत्रात अडकवलेले असतात. यंत्र ते ताणतं, सोडतं, पुन्हा ताणतं. उड्डाणागणिक केबिनमधला दाब विमानाच्या सांगाड्याला हेच करत असतो. आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही. मग एका सकाळी रिव्हेटच्या डोक्याखालून नखाच्या कडेएवढी रेघ डोकावते, थोड्या दिवसांनी शेजारच्या रिव्हेटखालून दुसरी. अशाच बारीक भेगा एकमेकींना मिळाल्या आणि एप्रिल 1988 मध्ये अलोहा 243 या प्रवासी विमानाचं सुमारे साडेपाच मीटर छत हवेत उडून गेलं. एक हवाई सेविका त्याबरोबर बाहेर फेकली गेली. त्या विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती.

एवढे फेरे यंत्रावर पुरे करायचे, तेही वेगवेगळ्या मिश्रधातूंवर, गंजलेल्या आणि न गंजलेल्या नमुन्यांवर, तर अनुदान दरवर्षी नव्याने मागून भागत नाही. ते पाच-सात वर्षांसाठी सलग मिळायला हवं.