ओल्या भिंतीला रजई नको

पावसाळ्यात माझ्याकडे येणारे प्रश्न 'गळतंय' या एका शब्दात मावतात. मार्गशीर्ष लागला की 'गारठतंय' सुरू होतं. यंदा पाचगणी-महाबळेश्वरकडून प्रश्न आलेच, पण सांगलीहून आले आणि चक्क कॅनडातल्या एका घराबद्दलही आला. जुन्या घराच्या भिंतींना इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, लावावं का, असा बहुतेकांचा रोख आहे. नावं गाळून उत्तरं देतो.

प्रश्न : पाचगणीत आजोबांच्या वेळचा जांभ्या दगडाचा बंगला आहे. भिंती जवळपास दोन फूट जाड, वर मंगलोरी कौलं. तरीही डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेच्या दोन खोल्यांत बसवत नाही. एक ठेकेदार म्हणतो, आतून लाकडी चौकट ठोकू, तिच्यात ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरू आणि वरून प्लायवूड मारू. करावं का?

थांबा. नेमकं हेच काम मी नवखा असताना पाचगणीतच एका बंगल्यात केलं होतं. काम देखणं झालं, मालक खूश. पुढच्या दिवाळीत त्यांनी बोलावून घेतलं, कपाट बाजूला सारलं आणि म्हणाले, बोट लावून बघा. बोट प्लायवूडमध्ये गेलं. मागचं ग्लासवूल भिजल्या गोधडीसारखं खाली बसलेलं आणि दगडावर काळी बुरशी. माझे पैसे मी परत केले, पण त्या खोलीचा कुबट वास पुढचे दोन हिवाळे गेला नाही.

चूक कुठे झाली ते सांगतो, म्हणजे तुमच्या ठेकेदाराला काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

जाड भिंत म्हणजे उबदार भिंत, हा आपला जुना समज. दगड उष्णता साठवून ठेवतो, अडवत नाही. उष्णता अडवते ती कोंडलेली, स्थिर हवा. थर्माकोल, ग्लासवूल, लोकरीचा स्वेटर, सगळ्यांचं गुपित तेच. दोन इंच थर्माकोल उष्णतेला जेवढा अडथळा करतो, तेवढा करायला विटांची भिंत सुमारे एक मीटर जाड बांधावी लागेल. जांभ्यालाही छिद्रं असतात, कोरडा असेल तर त्यांतल्या हवेचा थोडा फायदा मिळतो. पण तुमची पश्चिमेची भिंत चार महिने आडव्या पावसाचा मार खाते. छिद्रांतली हवा जाऊन तिथे पाणी बसतं, आणि पाणी स्थिर हवेच्या चोवीसेक पट वेगानं उष्णता वाहून नेतं. शिवाय ते पाणी दिवाळीनंतर हळूहळू वाळत असतं, म्हणजे तुमची भिंत माठासारखी स्वतःला गार करत असते. त्या दोन खोल्या थंड आहेत कारण त्या ओल्या आहेत. बाकीच्या खोल्यांची भिंतही तेवढीच जाड आहे, हे लक्षात घ्या.

आता दवाची गोष्ट. खोलीत १८ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर जो पृष्ठभाग साडेबारा अंशांच्या खाली जाईल त्याला घाम फुटणार. वेण्णा तलावावर पहाटे दव गोठल्याचे फोटो ज्या आठवड्यात छापून येतात, त्या आठवड्यात तुमची भिंत त्याच्या खाली जाते. आतून ग्लासवूल लावलं की खोलीची ऊब दगडापर्यंत पोचत नाही आणि दगड आणखी गार होतो. पण खोलीतली दमट हवा मात्र प्लायवूडच्या सांध्यांतून, स्विचबोर्डच्या भोकांतून मागे पोचतेच. तिथे तिचं पाणी होतं. दिसत नाही, वाळतही नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पाणी तोडा : पन्हळी दुरुस्त करा, पश्चिमेचा पाखा पुढे वाढवता आला तर वाढवा, जोत्याभोवती उताराची गटार काढा. दगडांच्या दरजा सिमेंटनं भरल्या असतील तर त्या खरवडून चुन्यानं भरून घ्या. सिमेंटची दरज पाणी आत घेते ती बारीक चिरेतून आणि मग बाहेर सोडत नाही.

मग छत. कौलांखाली सीलिंग नसेल तर तुमची ऊब भिंतीतून जाण्याआधी कौलांच्या फटींतून निघून जाते. फळ्यांचं किंवा सिमेंट बोर्डाचं सीलिंग करून त्यावर चार इंच रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, अंथरा, आणि कौलं व रॉकवूल यांच्यामध्ये हवा खेळती ठेवा. त्याआधी कौलं शाकारून घ्या, एका फुटक्या कौलानं सगळं रॉकवूल वाया जातं. खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या लावा, त्याला फारसा खर्च नाही.

एवढं करून एक हिवाळा काढा. त्यानंतरही भिंतीला काही करायचंच असेल तर बाहेरून करा. महाबळेश्वरकडे पावसाच्या बाजूला पूर्वी गवताच्या झड्या बांधत, आता पत्रे मारतात. त्यात उत्तर दडलेलं आहे. दगडावर लाकडी किंवा लोखंडी पट्ट्या, त्यांच्यामध्ये दोन इंच दाबीव रॉकवूलच्या पाट्या, मग इंचभर मोकळी फट आणि बाहेर पत्रा. फटीला खाली-वर जाळी, म्हणजे वारा फिरेल आणि उंदीर-पाली आत शिरणार नाहीत. दगड रजईच्या आत आला, पाऊस बाहेर राहिला. बंगल्याची जांभ्याची शोभा झाकली जाईल, हे खरं. म्हणून एकाच बाजूला करा.

ठेकेदाराच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. बंगला शनिवार-रविवारपुरता उघडत असाल, तर दोन फूट गार दगड हीटरनं तापायला दीड दिवस जातो आणि तोवर परतायची वेळ होते. आतून थर लावलेली खोली तासाभरात ऊबदार होते. पण ते फक्त कोरड्या, आतल्या बाजूच्या भिंतीला जमेल. पावसाकडच्या भिंतीला नाही.

प्रश्न : मुलीनं कॅनडात, ओन्टारिओमध्ये १९४० च्या सुमाराचं लाकडी सांगाड्याचं घर घेतलं आहे. भिंतींना भोकं पाडून आत कागदाचा भुगा भरणार म्हणते. कागद पेटणार नाही का? उंदीर-झुरळं लागणार नाहीत का? (शनिवार पेठ, सातारा)

तुमची काळजी रास्त आहे, पण मुलगी बरोबर आहे. तिकडे उणे २० अंश नवलाचे नाहीत. त्या काळच्या घरांत सोळा-सोळा इंचांवर उभे लाकडी खांब, बाहेरून फळ्या, आतून गिलावा आणि मध्ये साडेतीन-चार इंच निव्वळ पोकळी असते. आत्ताच मी म्हणालो की हवा ऊब अडवते, मग पोकळी का चालत नाही? कारण ती हवा स्थिर नसते. गरम बाजूला वर चढते, गार बाजूला खाली उतरते, रहाटगाडग्यासारखी ऊब बाहेर नेत राहते. पोकळी भुग्यानं ठासली की ते गाडगं थांबतं.

भुगा जुन्या वर्तमानपत्रांचाच, पण त्यात बोरेट मिसळलेलं असतं. आपल्या टाकणखाराच्या घरचंच. त्यामुळे तो सहजी पेट घेत नाही आणि किड्यांनाही मानवत नाही. उंदरांचं म्हणाल तर सैल भरला तर ते घर करतील, म्हणून यंत्राच्या दाबानं घट्ट भरायचा. सैल भुगा काही वर्षांत खाली बसतो आणि भिंतीचा वरचा भाग पुन्हा रिकामा राहतो, हेही कारण आहे.

भोकं पाडण्याआधी मात्र तिला तीन गोष्टी तपासायला सांगा. पहिली, वीज. १९५० च्या आधीच्या घरांत चिनी मातीच्या खुंट्यांवरून ओढलेल्या जुन्या तारा असू शकतात. त्या मोकळ्या हवेत गार राहतात. भुग्यात गाडल्या तर तापतात. वायरिंग बदलूनच भरायचं. दुसरी, माळा. तिथे खड्यांसारखे हलके, चमकदार, करडे-सोनेरी दाणे पसरलेले दिसले तर झाडू लावू नये. ते व्हर्मिक्युलाइट असेल. उत्तर अमेरिकेत त्यातलं बरंचसं मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून यायचं आणि त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक तंतू, होता. खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माळे तसेच आहेत. तिसरी, कुणी आधीच भिंतीत फेस भरलाय का. युरिया-फॉर्मल्डिहाइडचा फेस तिकडे १९७० च्या दशकात सर्रास भरत आणि १९८० मध्ये कॅनडानं त्यावर बंदी घातली.

आणि भिंतींच्या आधी माळ्यावर थर घालायचा. तिकडे घराच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा उपसतात आणि फटी कुठे आहेत ते मोजतात. ती चाचणी करून फटी बुजवल्या की बराच फरक पडतो. भिंत भरल्यावर घर जास्त बंदिस्त होतं, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या आणि इडल्यांची वाफ बाहेर टाकणारा पंखा लावायला विसरू नये, असंही सांगा. आपल्या स्वयंपाकात वाफ त्यांच्यापेक्षा बरीच जास्त.

प्रश्न : तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे जुने पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेल्या पाट्या) स्वस्तात मिळताहेत. महाबळेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराच्या भिंतींना आतून लावले तर?

स्वस्त आहेत आणि उष्णता रोखण्यात त्यांचा हात धरणारं दुसरं कमीच. तरीही भिंतींना नको.

कोल्ड स्टोरेजमध्ये आत गार असतं आणि दमट हवा कायम बाहेरून आत जाऊ बघते. म्हणून पत्र्यानं मढवलेलं पॅनेल तिथे शोभतं. कॅनडात उलट, हिवाळ्यात दमटपणा आतून बाहेर जाऊ बघतो, म्हणून तिथे बाष्प अडवणारं प्लास्टिक भिंतीच्या आतल्या बाजूला लावतात. दोघांनाही शत्रू कुठून येणार हे ठाऊक आहे. आपल्या घाटमाथ्यावर मात्र जून ते सप्टेंबर पाणी बाहेरून येतं आणि डिसेंबरात आतून. अशा भिंतीला दोन्ही बाजूंनी वाळायला वाट हवी. पत्रा, प्लास्टिक, चकचकीत ऑईलपेंट यांपैकी काहीही एका बाजूला चिकटवलं की ती वाट बुजते. परदेशातले व्हिडिओ बघून घरी प्लास्टिक लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पत्र्याच्या शेडच्या छपराखाली ते पॅनेल चालतील. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, आतला फेस पेटला तर धूर विषारी असतो. आणि घेण्याआधी पॅनेल उचलून बघा. नेहमीपेक्षा जड लागलं तर आत पाणी मुरलंय, सोडून द्या.

प्रश्न : वाईतला वाडा, पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या भिंती. सिमेंटचा गिलावा केल्यापासून घर जास्त गार आणि ओलसर वाटतं. वर थर्माकोल लावू का?

नको. तुम्हाला वाटतंय ते भासही नाही. मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि अंगभर सोडून देते. सिमेंटनं तिचं तोंड बांधलं, आता ओल वर चढतेय. खालच्या तीन फुटांत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, आलाय का बघा. सिमेंट काढा, एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा, मग माती, चुना आणि भाताच्या तुसाचा गिलावा करा. करणारे गवंडी अजून आहेत, शोधावे लागतात इतकंच. त्यानंतर वाईच्या थंडीला वाड्याची भिंत पुरेशी आहे. गळणारं माळवद आधी बघा, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : सांगलीत गावभागात तळमजल्यावर राहतो. उन्हाळा-हिवाळा दोन्हीसाठी जिप्सम बोर्ड आणि ग्लासवूल सुचवलंय.

२०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं, त्या खुणेच्या खाली यातलं काहीही नको. जिप्समचा लगदा होतो, ग्लासवूल पाणी धरून ठेवतं, आणि पूर ओसरल्यावर भिंत धुऊन वाळवायची तर आधी सगळं फोडावं लागतं. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकत होती ती जमिनीखालच्या स्थिर तापमानामुळे आणि कोरडेपणामुळे. २००५ च्या पुरात पाणी शिरलं तेव्हा तीच पेवं निकामी झाली. सांगलीची थंडी पंधरा-वीस दिवसांची. पैसे गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकला (फरशीच्या तुकड्यांच्या थराला) घाला, एप्रिलमध्ये उपयोग कळेल, निदान वरच्या मजल्यावरच्यांना.

प्रश्न : महाबळेश्वरला वडील ८२ वर्षांचे. खिडक्या-दारांच्या फटी फोमनं पूर्ण बंद केल्या, रात्री कोळशाची शेगडी ठेवतो. तरी सकाळी काचांवरून पाणी ओघळतं. अजून काय बंद करावं?

काहीही बंद करू नका. आज रात्रीपासून शेगडी खोलीत ठेवू नका. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तिथल्या फटी आधी मोकळ्या करा, आणि तो गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या.

काचांवरचं पाणी तुमच्याच घरातलं आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, म्हणजे एका सिलिंडरमागे बावीसेक लिटर. त्यात श्वास, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे. स्वयंपाकघराची वरची झडप उघडी ठेवा, कपडे बाहेर वाळवा, दुपारी ऊन असताना दोन्ही बाजूंच्या खिडक्या वीस मिनिटं उघडा. वडिलांसाठी तेलाचा विजेवरचा हीटर घ्या आणि त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर सरकवून आतल्या भिंतीला लावा.