रिकामी ऑइल टाकी, २० लिटरचे ड्रम आणि हट्टाला पेटलेला बॉयलर

म्हणजे तुमचं असं झालंय ना, की उत्तर आयर्लंडमधल्या लिस्बर्नला भाड्याच्या घरात पहिलाच हिवाळा, बॉयलर ऑइलवर चालतो हे माहीत होतं पण टाकीत किती उरलंय ते बघायचं असतं हे कुणी सांगितलं नाही, काल रात्री सगळं थंड पडलं, ऑइलवाल्याचा टँकर सोमवारी येणार, आणि शेजारचे आजोबा म्हणाले पंपावरून दोन ड्रम आणून ओत. तर ओतलेलं चालतं का, किती ओतायचं, आणि ओतलं की लगेच चालू होणार का. घरात आठ महिन्यांचं बाळ.

चालतं. आजोबा बरोबर बोलले. उत्तर आयर्लंडमध्ये साधारण तीनातली दोन घरं ऑइलवर आहेत आणि महिनाअखेरीला ड्रमवर दिवस काढणारे खूप असतात, त्यात लाजायचं काही नाही. आणि हे 'होम हीटिंग ऑइल' म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपलं रॉकेल आहे हो! रेशनवर निळं मिळायचं तेच, फक्त इथे निळा रंग नसतो. मला पहिल्यांदा झाकण उघडल्यावर वास आला तो थेट आजीच्या वातीच्या स्टोचा, दोन मिनिटं तिथेच उभा राहिलो.

पण लगेच चालू होईलच असं नाही, आणि खरी मेख ओतण्यात नाहीये, ती टाकीच्या तळाशी आहे.

टाकीत वर्षानुवर्षं गाळ साचतो, शिवाय आत ओल धरून पाणी होतं, आणि पाणी रॉकेलपेक्षा जड म्हणून ते तळाला जातं. टाकी निम्मी भरलेली असेपर्यंत याचा पत्ताही लागत नाही. तळ गाठला की मात्र बॉयलर तेच ओढायला लागतो, आणि संपलं की पाइपात हवा शिरते. म्हणजे तुमच्याकडे आत्ता दोन भानगडी असू शकतात, पाइपात हवा आणि फिल्टरमध्ये कचरा. नुसतं रॉकेल संपलं एवढंच असेल तर नशीबवान आहात.

माझी गंमत सांगतो. आमचं दुसरं वर्ष, नाताळच्या सुट्टीत संपलं. मी हुशारी करून दोन ड्रम आणले, बॉयलर चालूच ठेवला (म्हटलं ओतलं की आपोआप पेटेल) आणि घाईघाईत धबाधबा ओतलं. तळाचा सगळा गाळ ढवळून निघाला, फिल्टर चोंदला, बॉयलर लॉकआऊटला गेला (म्हणजे न पेटल्यामुळे स्वतःच बंद होऊन बसला). मग मी लाल रिसेटचं बटण दाबत बसलो, आठदहा वेळा तरी दाबलं असेन, लिफ्ट येत नाही म्हणून माणूस जसा बटण दाबत राहतो तसं. ते कधीच करू नका. दर वेळी दाबलं की नॉझलमधून थोडं रॉकेल आत फवारलं जाऊ शकतं, ते न जळता साठतं, आणि मग जेव्हा केव्हा पेटतं तेव्हा धडाम आवाज होऊन पांढरा धूर. आमच्याकडे झालं. मेकॅनिक आला, त्याने फिल्टर साफ केला, नॉझल बदललं, आणि बिलाचा आकडा ऐकून बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ते असो. आपल्याकडे स्टोच्या नॉझलमध्ये कचरा अडकला की पिन मारायचे, इथे पिन मारायची सोय नाही, नॉझलच बदलतात.

तर आता तुम्ही काय करायचं. आधी बॉयलर बंद, मेनच्या स्विचलाच बंद, आणि टायमरवरही भरवसा नको. मग किती आणायचं त्याचा हिशोब. साधा २० किलोवॉटचा बॉयलर पेटलेला असताना तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास पितो, म्हणजे एका ड्रममध्ये जेमतेम नऊ तास. तुम्ही सकाळी दोन आणि संध्याकाळी तीन तास लावणार असाल तर एक ड्रम दोन दिवसही पुरत नाही. आज गुरुवार, सोमवारी टँकर, आणि टँकरवाले 'सोमवार' म्हणतात तेव्हा मी मंगळवार धरतो, म्हणून तीन ड्रम आणा. एकच ड्रम आणायचा मोह होईल, कारण ड्रमचा लिटरचा भाव टँकरपेक्षा बराच चढा असतो, पण एका ड्रमने टाकीची पातळी किती वाढते बघा: आमची टाकी आतून १८० बाय ८० सेंटीमीटर आहे, तिच्यात २० लिटर ओतले तर दीड सेंटीमीटरही चढत नाही. तेवढ्यावर हवा काढत बसायचं म्हणजे अवघड. तुमच्या टाकीची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये घ्या आणि हजाराने भागा, लिटर निघतात.

आणि हो, घरात ते प्लगमध्ये लावलेलं, टाकीत किती उरलंय ते दाखवणारं गेज असेल ना, दहा दांड्यांचं, ते ड्रम ओतल्यावर हलणार नाही. हजार लिटरच्या टाकीत एक दांडी म्हणजे शंभर लिटर. गेज हललं नाही म्हणून ओतलेलं गेलं कुठे असं घाबरून मला रात्री फोन करणारे दोघं झालेत आत्तापर्यंत.

पंपावर गेलात की 'केरोसीन' नीट वाचून घ्या. बऱ्याच पंपांवर कोपऱ्यात त्याचं वेगळं मशीन असतं, काहींकडे भरलेले ड्रम मिळतात. पेट्रोल चुकूनही नाही, ते थेंबभर मिसळलं तरी धोका. डिझेलही नको, इथले घरचे बॉयलर बहुतेक रॉकेलवर सेट केलेले असतात, डिझेलवर काजळी धरतात. लाल रंगाचं डिझेल शेतकऱ्यांचं, तेही नाही. (उलटं, रॉकेल गाडीत घालायचा विचार डोक्यात आला तर तो बेकायदा आहे, गाडीची तपासणी होते.) अमेरिकेत न्यू जर्सीला माझा भाऊ राहतो, तिकडच्या बेसमेंटातल्या टाकीत ते लोक सर्रास पंपावरचं डिझेल ओततात कारण त्यांचं हीटिंग ऑइल जवळपास डिझेलच असतं, तो सल्ला यूट्यूबवर बघून इथे लावू नका.

गाडीत ड्रम उभाच ठेवायचा, डिकीत खाली जुनी ताडपत्री किंवा ट्रे, आणि ड्रमला पट्टा किंवा दोन पिशव्या टेकवून ठेवा, वळणावर आडवा झाला तर तो वास तीन महिने जात नाही, बाळाच्या सीटला तर मुळीच लागू देऊ नका.

आता ओतणं. भरलेला ड्रम साधारण सोळा किलो होतो, म्हणजे आपला १५ किलोचा तेलाचा डबा खांद्याएवढ्या उंचीला उचलायचा असं समजा. टाकीवर चढायचं नाही, प्लास्टिकची टाकी म्हणजे ओटा नव्हे. शिडी लावली तर खाली धरायला कुणी तरी हवं. मी आता उचलतच नाही, खाली मोकळा कॅन ठेवतो आणि अर्धं अर्धं करून नेतो, आठ किलो सहज झेपतं. लांब नळीचं नरसाळं घ्या, दुकानात पाच-सहा पौंडांना मिळेल, स्वयंपाकघरातलं नेऊ नका, परत वापरता येणार नाही. ओतताना ड्रमचं तोंड वरच्या अंगाला येईल असा धरा, म्हणजे हवा आत जाते आणि गटागटा उसळत नाही. तेलाच्या डब्याला दुकानदार दुसरं भोक का पाडतो, तेच. हळू ओता, एका बाजूने ओघळू द्या, गाळ ढवळला जाऊ नये म्हणून. पाऊस असेल तर थांबा, आणि इथे पाऊस थांबत नाही म्हणून कुणाला तरी छत्री धरायला लावा, टाकीत पाणी जाणं म्हणजे पुढच्या वर्षीची कटकट.

सांडलं तर पाणी मारून गटारात घालवू नका. मांजराची रेती किंवा साधी वाळू टाका, शोषून घेतली की भरून वेगळी ठेवा.

ओतून झालं की झाकण लावा आणि दोन तास काही करू नका. चहा प्या. गाळ बसू द्या. मग बॉयलर चालू करा. पेटला तर झालं. नाही पेटला तर रिसेट एकदा, पाच मिनिटं थांबून दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा नाही.

तरीही नाही तर पाइपात हवा आहे. ती काढायला बॉयलरच्या पंपावर ब्लीड स्क्रू असतो, बऱ्याच पंपांना ४ एमएमची ॲलन की लागते, खाली बरणी धरून ढिला करायचा आणि बुडबुडे संपून सलग धार आली की बंद. वाचायला सोपं आहे, पण तुम्ही कधी बॉयलरचं झाकण उघडलं नसेल, आणि घर भाड्याचं आहे, तर ऑफटेकची (ऑइल बॉयलरच्या मेकॅनिकांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी असलेल्या मेकॅनिकलाच बोलवा, घरमालकाला आधी कळवा. ऑइल बहुतेक वेळा भाडेकरूचं, बॉयलर घरमालकाचा. काही घरांत टायगर लूप नावाची छोटी डबी बसवलेली असते, ती हवा स्वतःच काढते, तुमच्याकडे असेल तर बरंच काम वाचलं. टाकीखालचा व्हॉल्व उघडा आहे ना तेही बघा, कधीकधी तो बंद असतो आणि आपण हवेला दोष देत बसतो.

आणखी एक, बाहेर उणे तापमान असेल तर रॉकेल गोठलं म्हणून नाही तर बॉयलरमधून बाहेर जाणारा पाण्याचा बारीक पाइप गोठला म्हणूनही तो बंद पडतो. २०१० च्या डिसेंबरात इथल्याच कॅसलडर्ग गावात उणे १८.७ गेलं होतं, रॉकेल तेवढ्याला गोठत नाही. त्या पाइपावर कोमट पाणी ओतून बघा, उकळतं नको.

उरलेला ड्रम घरात ठेवू नका, शेडमध्ये. आणि हे रॉकेल खोलीत लावायच्या हीटरमध्ये घालू नका, ते चिमणी असलेल्या बॉयलरसाठीचं आहे, बंद खोलीतल्या हीटरला वेगळं जास्त शुद्ध पॅराफिन लागतं. बाळ असताना तर नाहीच.

ड्रमची सवय मात्र लावून घेऊ नका, सोमवारी ३०० किंवा ५०० लिटर घ्या. कन्झ्युमर कौन्सिल ही इथली ग्राहकांची संस्था दर आठवड्याला ऑइलचे भाव जाहीर करते, ते बघून फोन करा. हाउसिंग एक्झिक्युटिव्हचे (इथलं सरकारी घरांचं खातं) ऑइल क्लब आहेत, शेजारच्यांबरोबर मिळून घेतलं की स्वस्त पडतं. आणि काही कौन्सिलांकडे पाच पौंडांचे ऑइल स्टॅम्प मिळतात, ते कार्डावर साठवून नंतर ऑइलच्या बिलात वापरायचे, उन्हाळ्यापासून चिकटवत गेलं की डिसेंबरात हात पसरावा लागत नाही.

आज रात्री बाळाच्या आंघोळीचं म्हणाल तर वरच्या मजल्यावर कपडे वाळवायचं कपाट आहे ना, इथे त्याला हॉट प्रेस म्हणतात, त्यात तांब्याची टाकी आणि शेजारी बहुतेक 'इमर्शन' लिहिलेला, टाकीतलं पाणी विजेवर तापवणारा स्विच असेल. तो लावा, तासाभरात गरम पाणी. आणि बाळाची आंघोळ झाली की आठवणीने बंद करा.